मुंबईत उतरायचं कुठं? मोठ्या आणि छोट्या हॉटेलांची गोष्ट

 

आज आम्ही हॉटेलाविषयी बोलणार आहोत. चहा-भजीच्या नव्हे, रात्री मुक्कामाच्या. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, कुठंही बघा, बाजारात 'बुटीक' नावाची एखादी पाटी असतेच. आत ब्लाउज शिवून मिळतात, गळ्याला लटकन लावून मिळतं. म्हणून शिवनेरीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गटानं दोन खोल्या बांधायचा विषय निघाला आणि कुणी म्हणालं, "पाटीवर बुटीक स्टे लिहू," तेव्हा मागून लगेच प्रश्न आला, "तिथं झोपायचं का शिवायचं?" हसण्यावारी गेला, पण प्रश्न बरोबर होता. खोल्यांसाठी कर्ज काढायचं, तर पाहुणा नेमके कशाचे पैसे देतो हे आधी कळायला हवं. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणी मसाले, पापड, हातसडीचा तांदूळ घेऊन महालक्ष्मी सरसला मुंबईला जातात. कधी लेकराच्या परीक्षेला जावं लागतं, कधी दवाखान्याला. तिथंही पहिला प्रश्न हाच की उतरायचं कुठं.

वाटसरूच्या मुक्कामाची सोय आपल्याला काही नवी नाही. नाणेघाट आपल्याच तालुक्यात. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातले व्यापारी माल घेऊन याच घाटानं जुन्नरला येत. घाटमाथ्यावरच्या ज्या कोरीव गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, ती वाटसरूंच्या विसाव्याची जागा असावी, असं अभ्यासक सांगतात. पुढं सराया आल्या, धर्मशाळा आल्या. तिथं पैसे नावापुरतेच पडत. पण दारात एक प्रश्न असे: तुम्ही कोण? कुठल्या जातीचे, कुणाचे पाहुणे? मुंबईतल्या बऱ्याच धर्मशाळा त्या त्या समाजातल्या दानशूर लोकांनी बांधल्या आणि पुष्कळदा त्या त्या समाजापुरत्याच राहिल्या. ज्याचं शहरात कुणीच नाही, त्याच्यासाठी फलाट होता.

हॉटेलानं हा प्रश्न बदलला. 'तुम्ही कोण' याच्या जागी 'तुमच्याकडं पैसे आहेत का' एवढंच विचारायचं, असं ठरलं. पण मुंबईतल्या एका गाजलेल्या मोठ्या हॉटेलानं दोन्ही प्रश्न विचारले. काळा घोड्याजवळचं हे वॉटसनचं हॉटेल. जॉन वॉटसन हा मूळचा कापडाचा व्यापारी. इमारतीचा अख्खा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतला, जहाजानं आणला आणि इथं जुळवला. १८७१ साली हॉटेल सुरू झालं. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८९६ साली तिथं उतरला आणि मुंबईच्या कावळ्यांविषयी खूप काही लिहून गेला. त्याच वर्षी ७ जुलैला हिंदुस्थानातला चित्रपटाचा पहिला खेळ याच हॉटेलात झाला. आणि आत कोण? तर फक्त गोरे लोक, असं सांगतात. जेवणाच्या दालनात वाढायला बाया ठेवल्या होत्या, त्यासुद्धा विलायतेहून आणलेल्या. तेव्हा मुंबईत विनोद होता म्हणे, की वॉटसननं वाढणाऱ्या आणल्या, तशी तिकडची थंड हवाही आणली असती तर बरं झालं असतं. आपलं घर सोडून, सात समुद्र ओलांडून इथं ताटं उचलायला आलेल्या त्या पोरींना या विनोदाचं हसू आलं असेल का, ते काही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता ताजमहाल हॉटेल. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये हिंदी माणूस म्हणून आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी ईर्ष्येनं ताज बांधलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. तिला पक्का पुरावा नाही, असं इतिहासकार म्हणतात. गोष्ट चांगली आहे, पण आम्हाला दुसरी एक जास्त आवडते. जमशेटजींनी घरी हा बेत सांगितला तेव्हा त्यांची एक बहीण वैतागली. बंगळूरला विज्ञानाची संस्था काढायची म्हणतोस, लोखंडाचा कारखाना काढायचा म्हणतोस, आणि आता काय, भटारखाना? असं ती गुजरातीतून म्हणाली, अशी आठवण सांगतात. भटारखाना म्हणजे मुदपाकखाना, खानावळ. म्हणजे रांधणं, वाढणं, अंथरूण घालणं हा काही मोठ्या माणसाचा धंदा नव्हे, असं त्या घरातल्या बाईलाही वाटत होतं. कारण जे काम घरात फुकट होतं, त्याचे पैसे कोण कशाला देईल?

तर लोकांनी दिले. ताजचे मूळ आराखडे करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी गृहस्थ होते, त्यांच्याबरोबर डी. एन. मिर्झा. वैद्य मध्येच वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजानं काम पुरं केलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. पहिल्या दिवशी पाहुणे सतराच होते, असं सांगतात. विजेचे दिवे, अमेरिकेचे पंखे, जर्मनीची लिफ्ट. खोलीचं भाडं दिवसाला १० रुपये, आणि पंखा व जोडून न्हाणीघर हवं तर १३ रुपये. आज हा आकडा ऐकून हसू येतं, पण तेव्हा मुंबईच्या गिरणीत रिळं भरणाऱ्या बाईला महिनाभर राबून एवढे रुपये मिळत नसत. जोडून न्हाणीघरासाठी तीन रुपये जास्त, हे मात्र ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

जमशेटजी त्यानंतर पाच महिन्यांतच, मे १९०४ मध्ये वारले. हॉटेल चाललं. पहिल्या महायुद्धात त्याचं ६०० खाटांचं इस्पितळ झालं. पुढं सरोजिनी नायडू मुंबईत असल्या की ताजमध्ये राहत, आणि त्यांच्या खोलीत कवी, पुढारी, विद्यार्थी सगळ्यांचा राबता असे.

त्याच काळात मुंबईत दुसऱ्या तऱ्हेची उतरायची जागाही होती. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथं उतरत. १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी शेवटचा श्वासही तिथंच घेतला. ताज तेव्हा सतरा वर्षांचं जुनं होतं, आणि तिथं हिंदी माणसाला मज्जाव नव्हता. मग टिळक तिथं का नाही उतरले? आम्हाला वाटतं, पुण्याहून आलेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलणारं, आपल्या चवीचं वाढणारं, आणि भेटायला येणाऱ्याला धोतर बघून जिन्यावर न अडवणारं ठिकाण हवं असणार. मोठं हॉटेल आणि छोटं हॉटेल यांतला फरक इथंच दिसतो. मोठं हॉटेल व्यवस्था विकतं, छोटं हॉटेल ओळख विकतं. दोन्हींची किंमत असते.

व्यवस्था कशी विकतात, ते अमेरिकेतल्या स्टॅटलरनं दाखवलं. एल्सवर्थ स्टॅटलर तेरा वर्षांचा असताना हॉटेलात पाहुण्यांच्या पेट्या उचलायच्या कामाला लागला. १९०८ साली त्यानं बफेलो शहरात स्वतःचं हॉटेल उघडलं आणि जाहिरात केली की दीड डॉलरात खोली आणि तिला जोडून न्हाणीघर. प्रत्येक खोलीला. तोवर ही चैन श्रीमंतांची होती. त्यानं युक्ती अशी केली, की शेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि पाण्याचे नळ वरपासून खालपर्यंत एकाच पोकळीतून नेले. पाइप वाचला, मजुरी वाचली. आम्हाला हे वाचल्यावर गावातली हागणदारीमुक्तीची कामं आठवली. आठ शोषखड्डे आठ ठिकाणी खणले होते!

पण न्हाणीघर आलं म्हणून बाईला दार उघडलं, असं नाही. त्याच अमेरिकेत १९०७ साली हॅरियट स्टँटन ब्लॅच, बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी बाई, मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउस हॉटेलात जेवायला गेली. सोबत पुरुष नाही म्हणून दोघींना वाढायला नकार दिला. तिनं कोर्टात दावा लावला आणि ती हरली. सोबत पुरुष नसलेली बाई चांगल्या घरातली नसणार, असा सरळ हिशेब होता. म्हणूनच न्यूयॉर्कात १९०३ साली, ताज उघडलं त्याच वर्षी, मार्था वॉशिंग्टन नावाचं फक्त बायकांचं हॉटेल निघालं. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बायका तिथं राहू लागल्या.

हे लांबचं आणि जुनं वाटेल. आम्ही पाचजणी एकदा मुंबईत स्टेशनजवळच्या एका लॉजवर रात्री नऊला पोचलो. आधार कार्डं दिली, पैसे मोजून ठेवले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "घरच्या कुणा पुरुषाचा नंबर द्या, बोलून घेतो." पाच जणींत एक सरपंच होती. तिनं स्वतःचाच दुसरा नंबर दिला, फोन वाजला, आणि तिनंच उचलून "सरपंच बोलतेय" म्हटलं. मग चावी मिळाली.

आता आपल्या देशात परत येऊ. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ साली सिमल्याच्या सेसिल हॉटेलात कारकून होते, पगार महिना ५० रुपये. १९३४ साली त्यांनी तिथलंच क्लार्क्स हॉटेल घेतलं, तेव्हा होतं-नव्हतं ते गहाण टाकलं, त्यात बायकोचे दागिनेही होते. १९७३ साली त्यांचं मोठं हॉटेल मुंबईत नरिमन पॉइंटला उभं राहिलं, आणि ताजचा मनोराही त्याच सुमाराचा. इतिहासात मालक म्हणून नाव त्यांचं राहिलं. दागिने इसरांदेवींचे होते, एवढं तरी नाव आम्ही आज रेडिओवर घेतो.

१९७० नंतर जगभर अशी मोठमोठी हॉटेलं इतकी झाली, की सकाळी जाग आल्यावर माणसाला आपण मुंबईत आहोत की लंडनमध्ये, तेच कळेना. तोच पलंग, तोच पडदा, तीच अंडी. मग लोकांना वेगळं काहीतरी हवंसं झालं. लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल या नटीनं १९७८ साली रांगेतली जुनी घरं जोडून ब्लेक्स नावाचं छोटं हॉटेल काढलं. प्रत्येक खोली निराळी, रंग निराळे. १९८४ साली न्यूयॉर्कला मॉर्गन्स हॉटेल निघालं. त्याच्या मालकांपैकी एक, स्टीव्ह रुबेल, म्हणाला की बाकीची हॉटेलं म्हणजे सगळं एका छताखाली विकणारी मोठी दुकानं, आणि आमचं म्हणजे बुटीक. तेव्हापासून हे नाव रूढ झालं, असं मानतात. म्हणजे ब्लाउजच्या दुकानाशी संबंध आहेच! तयार कपड्यांचा मॉल एकीकडं, आणि माप घेऊन तुमच्यापुरतं शिवून देणारी ताई दुसरीकडं.

मॉर्गन्सची सजावट आंद्रे पुतमन या फ्रेंच बाईंनी केली. पैसे थोडे होते. न्हाणीघरासाठी त्यांनी बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या फरश्या घेतल्या आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या. त्या फरश्या इतक्या गाजल्या, की पुढं लोक मुद्दाम तशा बसवून घेऊ लागले. गोधडी शिवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही.

मुंबईत कुलाबा, फोर्ट, वांद्रे या भागांत जुन्या इमारतींत आणि बंगल्यांत अशी छोटी हॉटेलं आता आहेत. तारे देण्याची पद्धत केंद्राच्या पर्यटन खात्याची आहे, एकपासून पाचपर्यंत आणि वर डिलक्स. १९५० च्या आधीच्या वाडे-हवेल्यांतल्या हॉटेलांना हेरिटेज हा वर्ग मिळू शकतो. पण बुटीक नावाचा तारा नाही. कुणीही पाटीवर लिहू शकतं, त्यामुळं पाटी बघून पैसे भरू नयेत.

खर्चाचं सांगायचं तर, दहाजणींच्या गटानं महिना शंभरप्रमाणे वर्षभर साठवलेले १२,००० रुपये ताजच्या समुद्राकडच्या खोलीत एका रात्रीलाही पुरत नाहीत. तिथं आपल्या पैशानं कुणी जाणार नाही. पण बँकेच्या, संस्थांच्या कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा आपल्यातल्या काहीजणींना अशा ठिकाणी उतरवतात. आमच्यातल्या दोघींना एकदा मोठ्या पंचतारांकित हॉटेलात ठेवलं आणि दुसऱ्या वेळी वांद्र्याच्या एका छोट्या बुटीक हॉटेलात. त्यांनी सांगितलेलं आम्ही लिहून घेतलं.

मोठ्या हॉटेलात दारातच पिशव्या यंत्रातून गेल्या. २००८ च्या हल्ल्यानंतर हे सगळीकडं आलं. खोलीत दिवेच लागेनात. चावीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत ठेवल्यावर लागले. फ्रिजमधल्या थंड पेयाचे पैसे लागतात, मेजावरच्या दोन पाण्याच्या बाटल्या फुकट. रात्री दोनला डोकं दुखलं, फोन केला, माणूस पाच मिनिटांत हजर. लिफ्ट, पाणी, वीज, कशातही खंड नाही. पण तीन दिवसांत नावानं हाक कुणी मारली नाही, सगळे 'मॅम'.

छोट्या हॉटेलात पहिल्याच सकाळी व्यवस्थापकीण म्हणाली, "ताई, जुन्नरच्या ना? लेण्याद्रीला आलेय मी." चहा साखर कमी घालून आपोआप येऊ लागला. भिंतीवर जुन्या मुंबईचे फोटो, खिडकीत जाळीदार पडदे. पण लिफ्ट नव्हती, खोली तिसऱ्या मजल्यावर, रस्त्यावरचे हॉर्न पहाटेपर्यंत. गरम पाणी आधी सांगून ठेवल्यावर.

तुम्हाला पैसे देऊन निवडायचं असेल, तर रात्री उशिरा पोचणारी, आजारी माणसाला नेणारी, किंवा पहिल्यांदाच एकटी जाणारी बाई, हिनं व्यवस्था निवडावी, मग ती साध्या तीन तारे हॉटेलातली का असेना. चार दिवस राहायचं, सोबत मैत्रीण आहे, शहर बघायचं आहे, तर छोट्या ठिकाणी जीव रमतो. दोन्हीकडं फोनवर आधी विचारावं: कर धरून किती? न्याहारी धरून का? लिफ्ट आहे का? संडास खोलीला जोडून का? रात्री दारावर कोण असतं? नुसत्या बायकांना खोली देता ना? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले, तर दुसरीकडं फोन लावावा.

आमच्या त्या दोघींनी आणखी एक गोष्ट पाहिली. मोठ्या हॉटेलात चादर बदलणारी वेगळी, कपडे धुणारे वेगळे, न्याहारी वाढणारे वेगळे. चादर बदलणारीनं सांगितलं, तिला दिवसाला ठरलेल्या खोल्या, ठरलेली सुट्टी, फंड कापला जातो. छोट्या हॉटेलात रत्नागिरीकडची एक मुलगी होती. झाडू तिचाच, चादरी तिच्याच, गडबड असली की पोहेही तिनंच करायचे, आणि साखर कमी हे लक्षात ठेवणारीही तीच. पाहुण्यांनी वहीत लिहिलं होतं, 'अगदी घरासारखं वाटलं.' घरासारखंच होतं, कारण घरात जसं एकीवर सगळं पडतं, तसं तिथं पडलं होतं.

मुंबईत हे एकदा मोजलं गेलं आहे. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेपुढं जायचं तर डबे किती, पीठ किती, रॉकेल किती आणि तुमची स्वतःची मजुरी किती, हे मांडायला लागतं. भटारखान्याला पहिल्यांदा हिशेबाची वही मिळाली.

आपल्या दोन खोल्यांचंही तसंच मांडू. संडास-न्हाणीघर पाठीला पाठ लावून, एका पाइपावर, आणि दोन्ही खोल्यांना जोडून. रात्री कंदील घेऊन परसात जायला मुंबईची बाई पैसे देणार नाही. भाड्यात धुणं, गॅस, साबण यांच्याबरोबर जिची पाळी असेल तिची दिवसाची मजुरी धरायची, पहाटे गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी दिली तर तिचे वेगळे, आणि पाहुणे नसतील त्या दिवशी झाडलोट केली तरी अर्धी मजुरी. हे धरून भाडं जास्त वाटलं तर वाटू दे. पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, म्हणजे 'घरगुती' एकीच्याच पाठीवर बसणार नाही.

चादरींचा हिशेब हॉटेलवाल्यांकडून घेतला आहे. एका पलंगाला तीन: एक अंथरलेली, एक धुण्यात, एक कपाटात. चार पलंगांच्या बारा होतात. आम्ही सोळा धरल्या आहेत, कारण आपल्याकडं आषाढात धुतलेली चादर दोन दिवस वाळत नाही.